शब्दांची खतावणी : धावणारे इंग्रजी, चालणारी मराठी

सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेल्या संग्रामपुरात सायंकाळी शाळा सुटली की बाजारातील अनेक दुकानांत गादीच्या कडेला एक दप्तर येऊन पडते. व्यापारी घरातील मुलांचा अभ्यास पुष्कळदा दुकानातच होतो. गिऱ्हाईक आले की वही मिटते, गेले की पुन्हा उघडते.

अशाच एका कापडाच्या दुकानाचे चित्र डोळ्यांपुढे आणावे. आजोबा रोजमेळ लिहीत आहेत आणि सातवीतील नात शेजारी बसून इंग्रजी शब्दार्थ घोकत आहे : ‘रन म्हणजे धावणे, रन म्हणजे धावणे.’ तेवढ्यात मुंबईच्या घाऊक व्यापाऱ्याचा निरोप मोबाइलवर येतो. निरोप इंग्रजीत आहे आणि त्यात दोनच वाक्ये आहेत. आजोबा मोबाइल नातीपुढे धरतात.

‘‘बघ बेटा, काय लिहिले आहे शेठजींनी.’’

नात वाचते आणि हसू लागते. ‘‘आजोबा, आपण मागवलेला माल धावबाद झाला म्हणतात!’’

‘‘आणि पुढे?’’

‘‘पुढे लिहिले आहे की उधारीची मुदत बिलाच्या तारखेपासून धावते. पण मुदत कशी धावेल हो?’’

क्रिकेटमधील ‘रन आउट’ मुलीच्या चांगल्या परिचयाचा असल्यामुळे तिचा तर्क चुकीचा असला तरी निराधार नाही. व्यापाऱ्याला एवढेच सांगायचे होते, की त्या वाणाचा माल संपला आहे. हे पहिले वाक्य हसण्यावारी नेता येते. दुसरे नेता येत नाही. मुदत अमुक तारखेपासून ‘रन’ होते, याचा अर्थ ती त्या तारखेपासून मोजली जाते. समजा, बिल ३ जूनचे आहे, माल दुकानात ११ जूनला पोहोचला आणि मुदत ३० दिवसांची आहे. घाऊक व्यापाऱ्याच्या हिशेबाने भरणा ३ जुलैला व्हायला हवा; माल हाती आल्यापासून दिवस मोजणारा दुकानदार ११ जुलैची वाट पाहील. दोन लाख रुपयांच्या मालावर द.सा.द.शे. १८ प्रमाणे आठ दिवसांचे व्याज सुमारे ७८९ रुपये होते. रक्कम फार मोठी नाही. परंतु समोरच्याच्या वहीत त्या आठ दिवसांपुढे ‘भरणा उशिरा’ असा शेरा पडतो, आणि पतीवर पडलेला तो डाग व्याज भरून निघत नाही.

म्हणजे अडचण शब्दाच्या कठीणपणाची नव्हती. ‘रन’ हा इंग्रजीतील अगदी पहिल्या धड्यांतला, तीन अक्षरांचा शब्द. महाराष्ट्रात मराठी माध्यमाच्या शाळांतही सन २००० पासून पहिलीपासूनच इंग्रजी शिकवले जाते. त्यामुळे तो शब्द ठाऊक नाही असे मूल सापडणे कठीण. पण जो शब्द सोपा वाटतो, तोच पुढे पदोपदी अडवतो. अवघड शब्दाचा अर्थ बहुधा एकच असतो आणि तो कोशात पाहिला की काम भागते. सोप्या क्रियापदाला मात्र अनेक घरी जाणे-येणे असते आणि प्रत्येक घरी त्याची वागणूक निराळी असते.

या क्रियापदाचा पसारा किती मोठा आहे, हे इंग्रजीच्या सर्वांत थोर कोशाने मोजून ठेवले आहे. ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीचे भाग १८८४ पासून प्रसिद्ध होऊ लागले आणि पहिली आवृत्ती १९२८ मध्ये पुरी झाली. पुढे १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीपर्यंत सर्वाधिक अर्थांचा मान ‘सेट’ या क्रियापदाकडे होता. त्याचे सुमारे ४३० अर्थ तेथे नोंदलेले होते. नव्या आवृत्तीसाठी पीटर गिलिव्हर या कोशकाराने ‘रन’ हे क्रियापद हाती घेतले. त्या एका शब्दावर त्यांचे नऊ महिन्यांहून अधिक काळ काम चालले आणि अखेरीस क्रियापद म्हणून त्याचे ६४५ अर्थ निघाले. कोशाचा हा मान ‘सेट’कडून ‘रन’कडे गेला.

या वाढीमागे यंत्रयुगाचा मोठा हात आहे. माणूस आणि घोडा धावत होते, पाणी वाहत होते, तोवर त्या शब्दाचा संसार आटोपशीर होता. पुढे गिरण्या आल्या, आगगाड्या आल्या, छापखाने आले, अलीकडे संगणक आले. आणि इंग्रजी माणूस या सर्वांनाच ‘रन’ करू लागला. वऱ्हाडला हे यंत्रयुग कापसामुळे लवकर भेटले. भुसावळहून शेगाव, अकोला या मार्गाने निघालेला लोहमार्ग १८६७ मध्ये नागपूरला पोहोचला आणि खामगावच्या कापूस बाजारासाठी जलंब ते खामगाव हा फाटा १८७० मध्ये सुरू झाला. गाडी आली, सरकी काढणारे जिन आले, गाठी बांधणारे प्रेस आले. इंग्रज म्हणे जिन ‘रन’ होतो; वऱ्हाडातील माणूस म्हणे जिन चालतो.

येथेच या शब्दाचे खरे मर्म हाती येते. पाठ्यपुस्तक सांगते की ‘रन’ म्हणजे धावणे. परंतु व्यवहारात इंग्रजी जेथे धावते, तेथे मराठी पुष्कळदा चालते. त्यांचे दुकान धावते, आपले चालते. त्यांचे यंत्र धावते, आपले चालते. नाटकाचे प्रयोग, वर्तमानपत्र, संस्था, संसार, सगळे ते धाववतात आणि आपण चालवतो. धावण्यात आणि चालण्यात वेगाचा फरक दिसतो खरा. पण दोन्ही भाषांनी मनात धरलेली कल्पना एकच आहे. थांबत नाही ते जिवंत आहे, असे दोघींनाही म्हणायचे आहे.

व्यापाऱ्याच्या रोजच्या बोलण्यात तर हे नाते अधिकच ठळक होते. बँकेतील ‘करंट अकाउंट’ला आपण चालू खाते म्हणतो. ‘करंट’ आणि ‘करन्सी’ हे दोन्ही शब्द ज्या लॅटिन धातूपासून आले, त्याचा अर्थ धावणे असा आहे. आणि आपले ‘चलन’ ज्या संस्कृत धातूपासून आले, त्याचा अर्थ हलणे, चालणे. पैशाला नाव देताना दोन दूरच्या भाषांनी एकच गुण पाहिला : जो हातातून हातात जातो तो पैसा. म्हणूनच बाजारात ‘हे नाणे चालते का?’ असा प्रश्न येतो आणि त्याचा अर्थ मुलालाही समजावून सांगावा लागत नाही.

खरे पाहता, या सातवीतील मुलीला क्रियापदाच्या अनेक अर्थांची भीती वाटण्याचे कारणच नाही. ती रोज घरात ‘चालणे’ हे क्रियापद ज्या सहजतेने वापरते, ते एखाद्या परक्या विद्यार्थ्याने ऐकले तर तो थक्क होईल. घड्याळ चालते, गाणे चालते, कोर्टात खटला चालतो. कुणाचे डोके चालते, कुणाचे नुसते तोंड चालते. घरात आजीपुढे कुणाचे काही चालत नाही. चहाला साखर कमी पडली तर ‘चालेल’. ‘चालू महिना’ म्हणजे आत्ताचा महिना. पण ‘चालू माणूस’ म्हटले की गिऱ्हाईक सावध होते. भजनाला चाल असते, बुद्धिबळात चाल असते, शत्रूवर चाल करून जातात. यांपैकी एकही अर्थ कुणी तिच्याकडून घोकून घेतलेला नाही. कुठला शब्द सोबतीला आहे, हे पाहून तिने तो आपोआप उचलला.

मराठीची अशी संपत्ती प्रथम पद्धतशीर मांडणाऱ्यांत एका परदेशी माणसाचे नाव आदराने घेतले जाते. जेम्स मोल्सवर्थ यांनी शास्त्री-पंडितांच्या साहाय्याने सिद्ध केलेला मराठी-इंग्रजी कोश १८३१ मध्ये मुंबईत प्रसिद्ध झाला आणि त्याची वाढवलेली दुसरी आवृत्ती १८५७ मध्ये निघाली. त्यांनीच आरंभलेला इंग्रजी-मराठी कोश टॉमस कँडी यांनी १८४७ मध्ये पूर्णत्वास नेला. नित्याच्या क्रियापदांपुढे एकच प्रतिशब्द ठेवून हे कोश थांबत नाहीत. क्रियापद कोणाच्या संगतीत काय बोलते, ते मांडत जातात. इंग्रजी शिकणाऱ्या मराठी मुलाने याच रीतीने उलट दिशेने जावे.

व्यापारी घराला ही रीत नवी नाही. रोजमेळात व्यवहार तारखेच्या क्रमाने येतात. पण कोणाकडे किती येणे आहे, हे खतावणी उघडल्याशिवाय कळत नाही. तेथे प्रत्येकाचे खाते वेगळे. शब्दार्थांची पाठ केलेली यादी हा रोजमेळ आहे. त्यावरून शब्दाची खरी पत समजत नाही. म्हणून वहीत ‘रन’च्या नावाचे एक पान सोडावे आणि भेटेल तसा एकेक व्यवहार त्याच्या सोबत्यासह त्या खात्यावर मांडावा.

कापडाच्या दुकानातच हे पान पाहता पाहता भरेल. माल ‘रन शॉर्ट’ झाला म्हणजे कमी पडू लागला. ‘रन आउट’ झाला म्हणजे पुरता संपला. पहिल्या निरोपानंतर मागणी पाठवायला वेळ असतो, दुसऱ्यानंतर नसतो. गिऱ्हाइकाने बिल ‘रन अप’ केले म्हणजे उधारी चढवत नेली. खर्च लाखांत ‘रन इंटू’ झाला म्हणजे लाखांच्या घरात गेला. परंतु बाजारात एखाद्या मित्राला ‘रन इंटू’ होणे म्हणजे त्याची अवचित गाठ पडणे. हिशेब ‘रन थ्रू’ करणे म्हणजे त्यावरून भरभर नजर फिरवणे, बारकाईने तपासणे नव्हे. हा भेद मुनिमाने विसरू नये. साडीचा रंग ‘रन’ झाला म्हणजे धुताना सुटला. विम्याची पॉलिसी ३१ मार्चपर्यंत ‘रन’ होते म्हणजे तोवर ती लागू असते. खात्यावरील ‘रनिंग बॅलन्स’ म्हणजे प्रत्येक नोंदीनंतरची चालू बाकी. आणि एखादा गुण घराण्यात ‘रन’ होतो म्हणजे तो पिढ्यान्‌पिढ्या उतरत येतो.

या खात्यावर नोंद करताना दोन पथ्ये पाळावीत. पहिले असे, की सोबतचा लहान शब्द कधी गाळू नये. आउट, अप, इंटू, थ्रू हे शब्द दिसायला चिमुकले असले तरी सौद्याचा अर्थ तेच फिरवतात. दुसरे असे, की सुटा शब्द न लिहिता आपल्या दुकानातील, घरातील, शेतातील पूर्ण वाक्य लिहावे. स्वतःच्या व्यवहारातले वाक्य विसरले जात नाही.

संग्रामपूरच्या मुलांना आणखी एक सोय घरबसल्या लाभली आहे. प्रमाण मराठीत ‘तो काय करतो आहे?’ असे म्हणतात. वऱ्हाडी बोलीत ‘काय करून राह्यला?’ असे विचारतात. क्रिया चालूच आहे, हे सांगण्यासाठी बोली एक वेगळे क्रियापद सोबतीला घेते. इंग्रजीचा ‘इज रनिंग’ हा प्रयोगही साहाय्यक क्रियापदाच्या आधाराने नेमके तेच सांगतो. ‘दुकान चालून राह्यलं’ हे वाक्य ज्याच्या जिभेवर आहे, त्याला त्या प्रयोगाचा भाव निराळा समजावून सांगावा लागू नये. ज्या बोलीबद्दल मुलांना शहरात गेल्यावर संकोच वाटतो, तीच त्यांना परक्या भाषेच्या दारापर्यंत नेते. वर्गात किंवा मुलाखतीत इंग्रजी वाक्य पुढे आले की जी हुशार मुले मान खाली घालतात, त्यांच्याजवळ शब्द कमी नसतात. एका शब्दाचा एकच अर्थ असतो, या समजुतीने त्यांना अडवून ठेवलेले असते.

त्या दुकानात शेवटी काय व्हावे? आजोबांनी रोजमेळ मिटावा, बिल काढून त्यावरची तारीख पाहावी आणि ३ जुलैच्या पानावर भरण्याची नोंद करावी. नातीने आपल्या वहीतील ‘रन म्हणजे धावणे’ ही ओळ खोडू नये, कारण ती चूक नाही. ती त्या खात्यावरची पहिली नोंद आहे. तिच्याखाली तिने दुसरी लिहावी : मुदत बिलाच्या तारखेपासून चालू होते. मग पानाचा उरलेला भाग पुढच्या व्यवहारांसाठी मोकळा ठेवावा.