शाईच्या दौतीतला निक

फळीवर उभे राहून लाटांवरून घसरत येणे हा सुखवस्तूंचा खेळ. त्याच्याशी चळवळीचा संबंध काय, असे एखादा कार्यकर्ता विचारील. त्याने निक गाबाल्दोनची हकीकत ऐकावी.

निकचा जन्म १९२७ चा, लॉस एंजेलिसमधला. आई कृष्णवर्णीय, वडील मेक्सिकन वंशाचे. कॅलिफोर्नियात समुद्र वर्णानुसार वाटून देणारा कायदा नव्हता. परंतु धमक्या, पोलीस आणि जमिनीची खरेदीखते यांच्या बळावर ते काम बिनबोभाट चाले. सांता मोनिकात बे स्ट्रीटच्या टोकाचा वाळूचा तुकडा तेवढा काळ्यांच्या वाट्याला आला होता आणि गोरे त्याला कुत्सितपणे ‘शाईची दौत’ म्हणत. निकच्या जन्मवर्षीच, जुलैमध्ये, जवळच्या मॅनहॅटन बीचवर कृष्णवर्णीयांनी मनाई मोडून समुद्रस्नान केले. काहींना अटक झाली. (त्याच वर्षी मार्चमध्ये महाडला चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले गेले, हे वाचकांना आठवेलच.)

या ‘दौती’त निक लाटांवर स्वार होण्यास शिकला, तोही जीवरक्षकाकडून उसन्या घेतलेल्या तेरा फुटी फळीवर. पुढे तो नौदलात गेला, परतल्यावर महाविद्यालयात शिकू लागला, कविताही करू लागला. उत्तम लाटा उठत त्या मालिबूला. तेथवरचे सुमारे बारा मैल तो फळीवर पालथा पडून, हातांनी पाणी कापीत जाई, असे सांगतात. मालिबूच्या गोऱ्या तरुणांपैकी अनेकांनी त्याला आपल्यात घेतले, हेही नमूद केले पाहिजे. ५ जून १९५१ रोजी तेथील धक्क्याच्या खांबांवर आदळून त्याचा अंत झाला. वय अवघे चोवीस.

२००८ साली बे स्ट्रीटला फलक लागला; त्यावर निकचे नाव आहे. २०१३ पासून त्याच्या नावाचा दिवस पाळला जातो आणि मुलांना लाटांवरचा हा खेळ विनामूल्य शिकवला जातो. फलकापेक्षा मला हे मोलाचे वाटते.

परंतु एका धाडसी तरुणाचा गौरव करणे नगराला फारसे जड जात नाही. ज्या वस्त्यांतून माणसे त्या वाळूवर येत, त्यांचे काय झाले? समुद्रालगतची बेलमार वस्ती १९५० च्या दशकात सार्वजनिक सभागृहाच्या नावाखाली संपादन करून पाडण्यात आली. पुढच्या दशकात पिको भागातून महामार्ग गेला आणि आणखी कुटुंबे उठली. बेलमारच्या जागेवर आता क्रीडांगण आहे. तेथेही स्मृतिफलक लावले आहेत.