शिरस्त्राणाला ग्राइंडर लावू नका

शिवजयंती जवळ आली की वारणा खोऱ्यात मर्दानी खेळांचा सराव जोर धरतो. लाठी, दांडपट्टा फिरू लागतो आणि कुणाच्या तरी माळ्यावरचं पोतं खाली येतं. आत पणजोबांच्या वेळचं पोलादी शिरस्त्राण निघतं. गंजलेलं, एका अंगानं चेपलेलं, मानेवरच्या साखळीच्या झालरीच्या कड्या तुटलेल्या. "वर्कशॉपमध्ये नेऊ, ग्राइंडर मारू, चंदेरी रंग देऊ!" अशी सूचना येते. इथंच घात होतो.

शेतकरी बंधूंनो, फाळ झिजला तर नवा मिळतो, हे मिळत नाही. पत्रा आधीच पातळ. ग्राइंडरनं गंजाबरोबर धातू आणि नक्षीही जाते. तापवून पोचा काढला तर पोलादाचं पाणी उतरतं, थंड ठोकलं तर चीर पडते. चिंच, ॲसिड सांदीत राहून आतून खातं.

मग करायचं काय? मऊ ब्रशनं धूळ झाडा. सुटा लाल गंज पातळ मशीन तेलाच्या फडक्यानं हळूहळू पुसा. घट्ट बसलेला काळपट थर राहू द्या. आतलं अस्तर फाटलं म्हणून फेकू नका, त्याला तेलही लावू नका. हाताच्या घामानं गंज धरतो, म्हणून हातमोजे वापरा. पावसाळ्यात प्लॅस्टिकमध्ये बांधू नका, ओल कोंडते. पोचा राहिला तर राहू द्या, तोही इतिहासच आहे.

आणि ते डोक्यावर घालून खेळू तर नकाच. गंजानं खाल्लेला पत्रा लाठीच्या घावाला टिकेल याची हमी कोण देणार? पोरांच्या डोक्याचा प्रश्न आहे. खेळासाठी लोहाराकडून जाड पत्र्याचं, आत जाड गादी आणि हनुवटीला पट्टा असलेलं नवं करून घ्या. खर्च तालमीनं आणि गावानं मिळून उचलावा.

सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनाही एक सांगणं आहे. नांगरताना जमिनीत अशी वस्तू सापडली आणि तिची किंमत दहा रुपयांपेक्षा जास्त असली, तर १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. शंभर वर्षांहून जुनी पुरावस्तू खासगी माणसाला परदेशी पाठवता येत नाही, असा १९७२ चा कायदा आहे. हे ग्रामसभेत वाचून दाखवा. कुणाच्या घरी काय आहे याची मालकाच्या संमतीनं फोटोसह नोंद ठेवा. वस्तू ज्याची त्याच्याच घरी राहू दे.

२०२४ मध्ये दांडपट्टा राज्यशस्त्र झाला. २०२५ मध्ये पन्हाळा जागतिक वारशाच्या यादीत गेला. गडाचे दगड सरकार सांभाळेल, पण माळ्यावरचं पोतं कोण सांभाळणार? ते काम तुमचं-आमचं. भंगारवाला किलोवर भाव करील, पण एकदा दिलेलं परत येणार नाही.