ठिसूळ हाडे आणि मिश्रणांचा बाजार

उतारवयातील स्त्री घरातल्या घरात पाय घसरून पडते आणि तिच्या खुब्याचे हाड मोडते, तेव्हा तो केवळ वैद्यकीय प्रश्न राहत नाही. निवृत्तिवेतनावर चालणाऱ्या संसाराचा ताळेबंदच कोलमडतो. म्हणून अस्थिसुषिरतेवर एकाऐवजी दोन औषधे दिली, तर गुणही दुप्पट येईल ही आशा स्वाभाविक होय. परंतु ती पुराव्याच्या कसोटीस उतरते काय?

सरसकट उतरत नाही. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या चाचण्यांत ॲलेंड्रोनेट व पॅराथायरॉइड संप्रेरक एकत्र देऊन अधिक लाभ दिसला नाही. उलट झीज रोखणाऱ्या पहिल्या औषधाने हाड घडविणाऱ्या दुसऱ्याचा प्रभाव उणावल्याचे आढळले. २०१३ मधील एका अमेरिकी अभ्यासात टेरिपॅराटाइड व डेनोसुमॅब या जोडीने हाडांची घनता एकेकट्या औषधापेक्षा अधिक वाढविली, हे खरे. पण त्यात शंभराच्या आतच स्त्रिया होत्या. घनता वाढणे आणि अस्थिभंग टळणे या दोन गोष्टी एक नव्हेत, आणि दुसरी सिद्ध करण्यास एवढी संख्या अपुरी पडते. म्हणूनच आज भर मिश्रणापेक्षा क्रमावर आहे: धोका फार असलेल्या रुग्णास प्रथम हाड घडविणारे औषध, मागाहून झीज रोखणारे.

बाजाराला हा विवेक मानवत नाही. औषध निवडतो डॉक्टर आणि पैसे मोजतो रुग्ण. पाठ्यपुस्तकातला चोखंदळ ग्राहक येथे नसतोच. एक घटक वाढविला की नवे नाव, नवे वेष्टन आणि नवा भाव. २०१३ च्या औषध किंमत नियंत्रण आदेशाने जीवनावश्यक यादीतील औषधांना कमाल किंमत ठरवून दिली. यादीबाहेरच्यांना मात्र दरसाल दहा टक्क्यांपर्यंत वाढीची मुभा ठेवली. केंद्राने २०१६ मध्ये विविध रोगांवरील ३४४ मिश्रणांवर बंदी घातली. ती न्यायालयात अडकली आणि तज्ज्ञांच्या फेरतपासणीनंतर २०१८ मध्ये ३२८ मिश्रणांवर नव्याने लागू झाली. विक्री आधी आणि परीक्षा मागाहून, असा हा उफराटा न्याय!

मिश्रणातील प्रत्येक घटकाची उपयुक्तता सिद्ध करण्याचा भार उत्पादकावरच हवा. तेच घटक सुटे घेतल्यास काय खर्च येतो, हेही वेष्टनावर छापले जावे. औषधे मूळ नावाने विकण्याकडे टप्प्याटप्प्याने वळावे, असे हाथी समितीने १९७५ सालीच सुचविले होते. त्या शिफारशीकडे पाठ फिरविल्याची किंमत सरकारला नव्हे, महिनाअखेरीस औषधांच्या दुकानापुढे उभ्या असलेल्या वृद्धेला मोजावी लागते.