आधी तिला विचारलंत का?

दिवाळीच्या सुट्टीत माझी लेक घरी आली आणि फराळाच्या डब्याला हात लावायच्या आधी म्हणाली, "आई, मला पाच मुली पाहिजेत." मी चकलीचा सोऱ्या हातात धरून तिच्याकडे बघतच राहिले. मग कळलं. ती विद्यापीठात एमसीए करते आणि तिच्या गटाकडे प्रकल्प आला होता तो विद्यार्थी मंडळांची वेबसाईट नव्याने करण्याचा. म्हणजे राष्ट्रीय सेवा योजना, वाङ्मय मंडळ, निसर्ग मंडळ, नाटक, खेळ, कमवा आणि शिका, या सगळ्याची माहिती मुलामुलींना जिथे मिळावी ती जागा. आमच्या तालुक्याचं कॉलेज त्याच विद्यापीठाला जोडलेलं. माझं बचत गटांच्या निमित्ताने घरोघरी जाणं-येणं, म्हणून तिला माझी आठवण.

मी म्हटलं, "अगं, कॉम्प्युटर तू शिकतेस. तुला छान वाटेल तशी कर की साईट. या पोरींना त्यातलं काय कळणार?"

"म्हणूनच," ती म्हणाली. "मला छान वाटून काय उपयोग? वापरणार त्या आहेत."

पाचच का, पन्नास का नाहीत, हेही मी विचारलं. तेव्हा तिने जेकब नील्सन या मूळच्या डेन्मार्कच्या तज्ज्ञाचं नाव सांगितलं. एखादी साईट पाच जणांना समोर बसवून वापरायला दिली, तर तिच्यातले बहुतेक मोठे दोष उघडे पडतात, असं त्याने २००० साली लिहिलं होतं. एकदाच मोठी परीक्षा घेण्यापेक्षा पाच जणांना दाखवायचं, सुधारायचं आणि पुन्हा नव्या पाच जणांना दाखवायचं, हे बरं. मला ते पटलं. पुरणाची चव बघायला आपण पातेलंभर पुरण कुठे खातो?

दुसऱ्या दिवशी पाच जणी आमच्या पुढच्या खोलीत येऊन बसल्या. तिघी एसटीने येणाऱ्या, एक वसतिगृहातली, एक गावातलीच. दोघींकडे स्वतःचा फोन होता. बाकीच्यांना भावाचा किंवा वडिलांचा, तोही संध्याकाळी, त्यांचं काम झाल्यावर.

मला वाटलं, आता ही विचारेल, "साईट आवडली का?" तिने ते विचारलंच नाही. म्हणाली, "आवडली का विचारलं की आपल्याकडच्या मुली 'हो ताई, छान आहे' असंच म्हणतात." खरंच आहे मैत्रिणींनो. पाहुण्यांना "भाजी कशी झालीय?" विचारलं की भाजी नेहमी छानच असते. ताटात किती उरली ते बघितलं की खरं कळतं.

तिने एकेकीला फोन दिला आणि एवढंच सांगितलं, "समज, तुला एनएसएसच्या शिबिराला जायचंय. कधी आहे, कुठे आहे, नाव कुणाकडे द्यायचं, ते शोध. आणि शोधताना मनात येईल ते मोठ्याने बोल."

पहिलीने साईट उघडली. वरती मोठमोठे फोटो एकामागून एक सरकत होते. दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, सत्कार. त्याखाली मान्यवरांचे संदेश. मग इंग्रजीत विभागांची यादी. ती बिचारी 'उपक्रम' या शब्दावर थांबली. आत गेली तर मागच्या तीन वर्षांचे अहवाल. परत आली. शेवटी एक सूचना सापडली, तर ती कागदाचा फोटो काढून चढवलेली, आडवी. दोन बोटांनी मोठी केली की ओळीचा शेवट पडद्याबाहेर जायचा.

माझ्याने बघवेना. मी पुढे झाले, "अगं ते खाली बघ, निळ्या अक्षरात..."

"आई, तू चहा टाक," लेकीने मला थेट स्वयंपाकघरात पाठवलं. मदत करायची नाही, हा या कामातला पहिला नियम म्हणे. आपण बोट दाखवलं की चूक झाकली जाते आणि साईट तशीच राहते.

चहाचं आधण ठेवताना मला बाहेरून हलका आवाज आला, "माझंच चुकत असेल ताई. मला यातलं कळत नाही."

त्या वाक्याने मला पंचवीस वर्षं मागे नेलं. मी कॉलेजात होते तेव्हा सूचनाफलक मुलांच्या सायकल स्टँडसमोर होता. तिथे मुलांचं टोळकं कायम उभं असायचं. आम्ही मुली मान खाली घालून तिथून पटापट निघून जायचो. वक्तृत्व स्पर्धेची सूचना मला कळली ती स्पर्धा झाल्यावर, बक्षीस मिळालेल्या मुलाचं नाव वाचताना. पुढची कितीतरी वर्षं मी स्वतःला समजावत राहिले, की आपण मुळातच मागे राहणाऱ्या, आपल्यात धीटपणा नाही. फलक कुठे लावलाय, हा प्रश्न कधी मनातच आला नाही. आता ही पोरगीही तेच म्हणत होती. नापास झाली होती साईट, आणि शरमत होती ती.

दुपारी लेकीने जुन्या लग्नपत्रिका मागितल्या. पाठकोऱ्या बाजूचे चौकोनी तुकडे केले आणि एकेका तुकड्यावर एकेका उपक्रमाचं नाव लिहिलं. मुलींना म्हणाली, "तुम्हाला वाटतील तसे ढीग करा आणि प्रत्येक ढिगाला नाव द्या." याला कार्ड सॉर्टिंग म्हणतात. मला तो भातुकलीचा खेळच वाटला. पण झालेले ढीग बघून मी गप्प झाले.

विद्यापीठाने आपल्या खात्यांप्रमाणे यादी केली होती. हे अमुक विभागाचं, ते तमुक मंडळाचं. मुलींना त्या खात्यांशी काही देणंघेणं नव्हतं. त्यांचे ढीग असे होते: 'कॉलेज सुटायच्या आत होणारं', 'सुट्टीच्या दिवशी यावं लागणारं', 'पैसे लागतात', 'पैसे मिळतात', आणि सगळ्यात मोठा ढीग, 'घरी विचारावं लागेल'.

घरी विचारावं लागेल! एनएसएसचं सात दिवसांचं निवासी शिबिर त्यात, युवक महोत्सव त्यात, नाटकाची तालीम त्यात. मुलींनी सांगितलं, घरी काय विचारतात ते ठरलेलं असतं. मुक्काम आहे का? सोबत बाई कोण आहेत? संपणार किती वाजता, शेवटची एसटी मिळेल ना? खर्च किती? या चार प्रश्नांची उत्तरं जिच्याकडे नसतात, तिचं बोलणं तिथेच थांबतं. त्या अख्ख्या साईटवर उद्घाटन किती वाजता हे होतं, पण कार्यक्रम संपणार किती वाजता, हे कुठेच नव्हतं.

कॉलेजातल्या एका ओळखीच्या सरांना मी हे सांगितलं. ते भले गृहस्थ आहेत, पण म्हणाले, "ताई, साईट कोण बघतंय आता? आम्ही सगळं व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर टाकतो. मुलींनाच उत्साह नसतो."

मी मुलींना विचारलं, ग्रुपवर का नाही? उत्तर सरळ होतं. ग्रुपमध्ये गेलं की आपला नंबर सगळ्यांना दिसतो. मग रात्री कुणाचे तरी मेसेज. आणि नंबर वडिलांचा असेल तर ते मेसेज वडिलांना. त्यापेक्षा ग्रुपच नको. साईट उघडायला नंबर द्यावा लागत नाही, नाव सांगावं लागत नाही. दहा वेळा बघावं, मनाशी ठरवावं, मग बोलावं. ज्या मुलीला दबकत पाऊल टाकावं लागतं, तिच्यासाठी साईट म्हणूनच गरजेची. सरांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "हे कधी डोक्यातच आलं नाही." त्यांचा मोकळेपणा मला आवडला.

खरं तर त्यांना बोलायचा मला तरी काय अधिकार? काही वर्षांपूर्वी मी वस्तीत मोफत शिवणवर्ग काढला होता. वेळ दुपारी दोन ते चार. घरातलं आवरून मला तीच वेळ सोयीची. बावीस बायकांनी नावं दिली, आल्या सहा. महिनाभरात वर्ग बंद झाला आणि मी चारचौघींत म्हणून मोकळी झाले, "बायकांना फुकटचं शिकायलाही नको असतं." त्या वस्तीत नळाला पाणी अडीच वाजता यायचं. मी कुणाला विचारलंच नव्हतं. आज ते आठवलं की खाली बघावंसं वाटतं.

हे विचारण्याचं शास्त्र काही नवं नाही. लिलियन गिलब्रेथ नावाची एक अमेरिकन बाई होती. बारा मुलांची आई आणि नामांकित इंजिनीअर. १९२६ मध्ये जॉन्सन अँड जॉन्सन कंपनीने सॅनिटरी पॅडच्या अभ्यासाचं काम तिला दिलं. तिने हजाराहून अधिक स्त्रियांकडून माहिती घेतली, त्यांना काय टोचतं, काय नको वाटतं ते समजून घेतलं आणि १९२७ साली अहवाल दिला. स्वयंपाकघरातला ओटा, शेगडी किती उंचीवर असावी, हेही तिने बायकांकडून आणि त्यांच्या हालचालींवरून ठरवलं. शंभर वर्षं होत आली. तरी आपल्याकडे ओट्याची उंची अजून गवंडीच ठरवतो आणि पाठ आपली दुखते!

कुणी म्हणेल, प्रत्येकीचं ऐकत बसलं तर काम व्हायचं कधी? शंका रास्त आहे. मागेल ते सगळं द्यायचं नसतंच. एकीने साईटवर सिनेमाची गाणी मागितली, ती अर्थातच नाही मिळाली. मुली काय मागतात यापेक्षा त्या कुठे अडतात, हे बघायचं. आणखी एक. आपण विचारतो तेव्हा पहिल्या बाकावरच्या, चटपटीत मुलीलाच विचारतो. तिला सगळं आधीच माहीत असतं. मागच्या बाकावरचीला, एसटी पकडायला पळणारीला विचारायला हवं. वेळेचं म्हणाल, तर लेकीचं हे सगळं तीन दुपारींत झालं. पैसे लागले ते चहा-चिवड्याचे.

नवीन साईट तिने आधी वहीच्या कागदावरच काढली आणि दुसऱ्या पाच जणींना दाखवली. तिथेही चूक निघाली. 'नाव नोंदवा' या बटणाला मुली हातच लावेनात. दाबलं की आपण बांधले गेलो, आता पैसे भरावे लागतील, अशी भीती. तिथे 'मला माहिती हवी आहे' असं लिहिलं आणि बोटं पुढे आली. कागदावर होतं म्हणून खोडरबराने काम भागलं.

आता त्या साईटवर प्रत्येक उपक्रमापुढे पहिल्याच ओळींत मराठीत लिहिलंय: कुठे, कधी सुरू, कधी संपणार, मुक्काम आहे की नाही, सोबतच्या प्राध्यापिका कोण, खर्च किती. पालकांना दाखवायचं एक पानही आहे, छापून घरी नेता येतं. सूचना फोटोऐवजी अक्षरांत आहेत, त्यामुळे साध्या फोनवर नीट वाचता येतात आणि अंध विद्यार्थ्यांचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअरही त्या वाचू शकतं. मान्यवरांचे संदेश मात्र काढता आले नाहीत. ते खाली सरकले, एवढ्यावर तडजोड झाली.

सगळं गोड झालं असं मी सांगणार नाही. आमच्या पाच जणींपैकी दोघी यंदा शिबिराला गेल्या. एकीच्या वडिलांनी ते पान दोनदा वाचलं आणि तरीही नाही म्हणाले. वेबसाईट परवानगी देत नाही, ती माणसांनीच द्यायची असते. त्यासाठी मी त्यांच्याकडे पुन्हा जाणार आहे. पण ती पोरगी मला म्हणाली, "काकू, मग मी बिनमुक्कामाचं काय आहे ते बघितलं. निसर्ग मंडळात नाव दिलंय." "मला यातलं कळत नाही" म्हणणारी ती हीच.

मैत्रिणींनो, आपण सगळ्या कुणासाठी ना कुणासाठी काही ठरवत असतो. गटाची बैठक किती वाजता, हळदीकुंकवाला वाण काय, शाळेच्या पालकसभेचा दिवस कोणता, सुनेच्या खोलीत कपाट कुठे. पुढच्या वेळी ठरवण्याआधी ज्यांच्यासाठी ते आहे त्यांच्यातल्या पाच जणींना विचारा, आणि त्यात एक तरी अशी घ्या जी कधीच बोलत नाही. मी नव्याने शिवणवर्ग काढतेय. या वेळी वेळ वस्तीतल्या बायकांनी ठरवलीय, सकाळी साडेदहा. मला गैरसोयीची आहे, पण चालेल.