चढणीच्या माशांची वाट

मृगाचा पाऊस कोसळला, ओहोळांना लाल पाणी आले, की कोकण-गोमंतकातील गावागावांत एकच लगबग उडते. विजेऱ्या, जाळी आणि कोयते घेऊन माणसे रात्री शेतांच्या मेरांवर उतरतात आणि गाबोळीने भरलेले मासे टोपल्या भरून घरी आणतात. चढणीच्या माशांचा हा आनंद आम्हांलाही परका नाही. परंतु मासा चढतो का, याचा विचार आपण क्वचितच करतो.

तो हौसेने चढत नाही; त्याचे शरीरच त्याला चढवते. पुराच्या नव्या पाण्याची वर्दी मेंदूला पोहोचते, मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीतून संप्रेरके रक्तात उतरतात, अंडी पक्व होतात आणि मासा नव्याने भिजलेल्या उथळ जमिनीकडे धाव घेतो. रोहू, कटला, मृगल हे मासे तळ्यात वाढतात, त्यांची अंडीही भरतात. पण पुराची ती खूण न मिळाल्यास साचल्या पाण्यात ते सहसा अंडी घालीत नाहीत. ती अंडी शरीरातच जिरून जातात. १० जुलै १९५७ रोजी ओडिशातील अंगुल येथे डॉ. हिरालाल चौधरी यांनी पीयूषिकेचा अर्क टोचून ही अडचण दूर केली. त्या दिवसाची स्मृती देश आजही मत्स्यशेतकरी दिन म्हणून जपतो.

मात्र ओहोळातल्या माशाला टोचणी द्यायला कोणी शास्त्रज्ञ येणार नाही. त्याला वाटच हवी. त्याचे तांबडे स्नायू संथ, दीर्घ पोहण्यासाठी असतात. झेप घ्यावयाची ती पांढऱ्या स्नायूंच्या बळावर. हे बळ क्षणांत सरते, अंगात लॅक्टिक आम्ल साचते आणि सावरायला कित्येक तास लागतात. बंधाऱ्याच्या उभ्या भिंतीवर पुनःपुन्हा आपटणारा मासा वंशासाठी राखलेली शक्ती तेथेच उधळतो आणि थकून पायथ्याशी थांबला की आयताच जाळ्यात सापडतो.

पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक मासेमारी बंद असते. समुद्राला जो न्याय, तो ओहोळाला का नसावा? गरिबाच्या ताटातला मासा हिरावून घ्यावा, असे आम्ही मुळीच म्हणत नाही. उलट तो पुढच्या वर्षीही त्याच्या ताटात यावा, हाच आमचा आग्रह आहे. ग्रामसभांनी पहिल्या चढणीचे मोजके दिवस राखावेत. अंडी घालून परतणारा मासा खुशाल धरावा. आणि बंधारे बांधणाऱ्यांनी भिंतीच्या एका कडेला उतरत्या दगडी पायऱ्यांची, मधूनमधून विसाव्याचे डबके असलेली वाट ठेवावी.

पाणी अडवण्याचा हक्क आपण घेतला आहे. त्या पाण्यातल्या जिवाची वाट मोकळी ठेवण्याचे कर्तव्यही त्याच हक्कासोबत येते.