पंधराचा डबा

कर्जत स्टेशनाला लागून असलेल्या आमच्या भिसेगावात दिवाळीआधी महिनाभर आमच्या घराला तळणीचा वास असतो. आई आणि वहिनी फराळाच्या ऑर्डरी घेतात. हिशेबाची वही माझ्याकडे. (जो नुसता बसून चकल्या खातो त्यानं वही सांभाळावी, असा घरचा न्याय!)

मागे एका दिवाळीला सोयाबीन तेलाचे दोन डबे आणले. मी वहीत लिहिलं, पंधरा दुणे तीस किलो. वहिनी काटेकोर. कढईत ओतण्याआधी तेल काट्यावर ठेवायची आणि आकडा मला सांगायची. डबे पालथे घातले तेव्हा बेरीज भरली सव्वासत्तावीस किलो. पावणेतीन किलो तेल गेलं कुठं?

अशा प्रश्नाचं उत्तर घरात फार लांब शोधलं जात नाही. वाडीवरून मदतीला एक बाई यायची. तिला कुणी एक शब्द बोललं नाही; पण तेलाच्या खोलीला कुलूप लागलं. ते मीच आणलं होतं.

चार दिवसांनी रिकामे डबे भंगारात देताना आईनं चष्मा लावून वरचा मजकूर वाचला. १५ लिटर, आणि खाली बारीक अक्षरांत, १३.६५ किलो. म्हणजे दोन डब्यांचे २७.३० किलो. तेल चोरीला गेलंच नव्हतं, ते घरात आलंच नव्हतं. दुकानदारानंही फसवलं नव्हतं. 'पंधराचा डबा' मागितला, त्यानं पंधराचा दिला!

पाणी लिटरला किलो भरतं, म्हणून लिटर म्हणजे किलो ही आपल्या डोक्यात बसलेली खूणगाठ. खाद्यतेल पाण्याहून हलकं. लिटरभर तेल साधारण ९१० ग्रॅम. उलट, किलोभर तेल हवं तर सुमारे अकराशे मिलिलिटर घ्यावं लागतं. आता समजा, एका दुकानात १५० रुपये लिटर आणि शेजारी १६० रुपये किलो अशी पाटी आहे. पाय पहिल्या दुकानाकडे वळतात. पण १५० ला ०.९१ नं भागा. किलोला पावणेदोनशेच्या खाली, जवळजवळ १६५ रुपये पडतात. महाग तेच!

त्यात तेल उष्णतेनं फुगतं. सोयाबीन तेलाचा लिटर २१ अंशांना ९१९.१ ग्रॅम, तर ६० अंशांना ८९२.६ ग्रॅम. काही उत्पादक वेष्टनावर तापमान छापून वजन कमी दाखवत. तेव्हा ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्यानं तापमानाचा उल्लेख काढा आणि वजन खरं लिहा, असं बजावलं. त्यासाठी १५ जानेवारी २०२३ पर्यंत मुदत दिली. चांगलं झालं. पण माझं म्हणणं, वजनाचा आकडा लिटरच्या आकड्याएवढाच ठळक छापा आणि दुकानातली पाटी किलोचीच ठेवा. स्वयंपाकघरात चष्मा नेहमी हाताशी नसतो.

आमची आजी या बाबतीत शहाणी होती. तिच्या काळी शेर मापाचाही असे आणि वजनाचाही. म्हणून दुकानात ती आधी विचारायची, "मापाचा की तोलाचा?" आम्ही मुलं हसायचो.

डबा वाचला त्याच संध्याकाळी वहिनी आणि मी वाडीवर गेलो. लिटर-किलोचं सगळं समजावून सांगितलं. बाईनं चहा केला, ऐकून घेतलं आणि म्हणाली, "कुलूप बघितलं तेव्हाच कळलं होतं मला, दादा."

पुढच्या दिवाळीला ती दुसऱ्या घरी तळणीला गेली.