भाच्याचें दार

चार्ल्स डिकन्सची ‘ए ख्रिसमस कॅरल’ ही भुतांची गोष्ट इ. स. १८४३ च्या डिसेंबरांत लंडन येथें प्रसिद्ध झाली, आणि पहिल्या आवृत्तीच्या ६,००० प्रती नाताळच्या पूर्वसंध्येपर्यंत खपून गेल्या. पुढें स्क्रूज हें नांव इंग्रजींत कृपणाला प्रतिशब्दच होऊन बसलें. एक कवडीचुंबक म्हातारा भुतांच्या धाकानें दानशूर झाला, एवढाच या कथेचा अर्थ पुष्कळजण घेतात. आम्हांस तो अपुरा वाटतो. स्क्रूजचा मोठा अपराध तिजोरींत नसून आप्तसंबंधांत आहे.

गत नाताळाचें भूत त्याला त्याच्या जुन्या शाळेंत नेतें. सुटी लागून सर्व मुलें घरीं गेलीं आहेत आणि एक मुलगा मंद शेकोटीजवळ एकटाच वाचीत बसला आहे. तो स्क्रूजच. वसतिगृहांत राहणाऱ्या आमच्या वाचकांस त्याचें दुःख समजावून सांगावयास नको. पुढें दुसऱ्या एका नाताळांत धाकटी बहीण फॅन धांवत येते, त्याच्या गळ्यांत हात टाकते, आणि बाबा आतां मायाळू झाले आहेत, तुला घरीं न्यावयास त्यांनीं मला गाडी देऊन पाठविलें आहे, असें सांगते. ही फॅन मोठेपणीं वारली. तिच्यामागें एकच मुलगा राहिला, तो फ्रेड. नाताळच्या जेवणास बोलावण्यासाठीं तो आदल्याच दिवशीं मामाच्या पेढीवर आला होता, आणि मामानें त्याला झिडकारून लाविलें होतें. ज्या बहिणीनें आपणांस घरीं नेलें, तिच्याच मुलाला आपण दारांतून परत धाडलें! भूत येथें रागावत नाहीं. केवळ नात्याची आठवण देतें. स्क्रूज अस्वस्थ होतो.

परंतु अस्वस्थता म्हणजे सुधारणा नव्हे. स्क्रूजचा मृत भागीदार मार्ले हा पेट्या, किल्ल्या, कुलुपें आणि खातेवह्या यांची सांखळी ओढीत येतो. त्याला पश्चात्ताप काय थोडा आहे? खिडकीबाहेर दुसरींही भुतें तरंगत आहेत. एकाच्या घोट्याला लोखंडी तिजोरी जखडलेली आहे, आणि तान्हें मूल घेऊन बसलेल्या एका गरीब बाईला मदत करतां येत नाहीं म्हणून तें आक्रोश करीत आहे. अपराधाची जाणीव पुरेपूर, पण हात चालत नाहींत, अशी त्यांची दशा.

स्क्रूज नाताळच्या सकाळीं जिवंत जागा होतो. आठवड्यास १५ शिलिंगांवर राबणाऱ्या आपल्या कारकुनाच्या घरीं तो भला मोठा टर्की पक्षी धाडतो, पण नांव न कळवितां. (त्या कारकुनाच्या पंगु मुलाविषयीं, टिमविषयीं, पुष्कळांनीं लिहिलें आहे.) पैसा देणें सोपें होतें. दुपारीं तो भाच्याच्या घराकडे निघतो आणि तेथें मात्र त्याचें धैर्य खचतें. दार ठोठावण्यापूर्वीं तो त्यावरून डझनभर वेळां पुढें निघून जातो. साऱ्या कथेंत याहून अवघड काम त्यानें दुसरें केलेलें नाहीं. क्षमायाचना कांहीं मनिऑर्डरीनें पाठवितां येत नाहीं.

आणि फ्रेड? मामा कितीही तुसडेपणानें वागला तरी दरवर्षीं त्याला बोलवावयाचेंच, असा त्याचा निश्चय होता. दार उघडल्यावर तो मागचा हिशेब काढीत नाहीं, उपदेश करीत नाहीं. आनंदानें घरांत घेतो. आपलें मूल एखादी चूक कबूल करावयास येतें तेव्हां पहिल्या पांच मिनिटांत घरांत काय घडतें, हें पालकांनीं मनाशीं आठवून पाहावें.

कोणी म्हणेल, एका रात्रींत माणसें बदलत नाहींत. खरें आहे; आणि डिकन्सला तें ठाऊक नव्हतें असें नाहीं. १८२४ सालीं कर्जापायीं त्याचे वडील मार्शलसी तुरुंगांत पडले, आणि बारा वर्षांच्या चार्ल्सला बुटांच्या पॉलिशच्या कारखान्यांत बरण्यांवर कागद चिकटवावे लागले. पुढें वडिलांनीं त्याला तेथून काढिलें, तरी आईनें पुन्हां त्याच कामावर धाडण्याचा आग्रह धरला. ही गोष्ट तो जन्मभर विसरूं शकला नाहीं. ज्याच्या मनांत असें एक दार बंदच राहिलें, त्यानेंच फ्रेडचें दार लिहिलें. वर्गांत ही कथा वाचून दाखविणाऱ्यांनीं त्या डझनभर फेऱ्यांपाशीं घाई करूं नये. डिकन्सनें त्या एकाच वाक्यांत उरकल्या आहेत.